थंडीत ट्रॅक्टर सुरू होत नाही? पहाटेच्या पेटत्या बोळ्यापेक्षा संध्याकाळचं गोणपाट बरं

डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर भागातल्या मळ्यांमधून एक आवाज हमखास ऐकू येतो. सेल्फ मारल्याचा. घर्र… घर्र… आणि गप्प. पुन्हा घर्र. तिसऱ्यांदा नुसतं टक्. मग घरातून हाक जाते, शेजारच्या वस्तीवरून दुसरी बॅटरी येते, कुणीतरी चिंध्यांचा बोळा डिझेलमध्ये बुडवून पेटवतो आणि इंजिनाच्या खाली धरतो.

पहाटेची ही वेळ वाया गेली तर नुकसान खरं असतं. द्राक्षबागेत ब्लोअरनं फवारणी करायची तर वारं सुटायच्या आत करावी लागते. बागेत ऊब राहावी म्हणून शेकोट्यांना काडीकचरा वाहायचा, पहाटे पाणी द्यायचं, तेही याच वेळेला. कांद्याची ट्रॉली भरून लासलगावला किंवा पिंपळगावला लिलावाला न्यायची तर रांगेत नंबर लागायला हवा. ट्रॅक्टर तासभर अडला की दिवसाचं सगळं गणित मागं पडतं. आणि घाईघाईत पेटवलेल्या बोळ्यानं वायरिंगनं पेट घेतला तर गणित कित्येक वर्षं मागं जातं.

म्हणून थंडीत इंजिन का अडतं आणि ऑइल गरम ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे जरा सविस्तर बघू. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडच्या थंडीत पहाटे इंजिन तापवण्यापेक्षा संध्याकाळी ते पूर्ण गार होऊ न देणं जास्त सोपं, स्वस्त आणि बिनधोक आहे.

थंडी नेमकी कुठं बाधते?

आपला भाग महाराष्ट्रातल्या सर्वांत थंड भागांपैकी आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता. एरवीही थंडीची लाट आली की ५ ते ८ अंश ही नेहमीची गोष्ट. युरोप-कॅनडाच्या मानानं ही थंडी काहीच नाही. पण आपले ट्रॅक्टर उघड्यावर उभे असतात, बॅटऱ्या जुन्या असतात आणि ऑइल वेळेवर बदललेलं नसतं. त्यामुळे एवढी थंडीही पुरते.

डिझेल इंजिनात पेट्रोलच्या गाडीसारखा ठिणगी देणारा प्लग नसतो. आत ओढलेली हवा पिस्टन जोरात दाबतो. साधारण १७ घोट हवा एका घोटात बसवल्यासारखी. त्या दाबानं हवा इतकी तापते की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे इंजिन सुरू व्हायला दोन गोष्टी लागतात. हवा पुरेशी तापली पाहिजे आणि त्यासाठी इंजिन पुरेशा वेगानं फिरलं पाहिजे.

थंडीत दोन्हीकडून मार बसतो. बाहेरची हवा ३० अंशांऐवजी ५ अंशांची असली तर दाबल्यानंतर तिच्या तापमानात २५ अंशांचा नव्हे, ढोबळमानानं ६० ते ७० अंशांचा फरक पडतो, कारण दाबताना आधीचा फरकही वाढत जातो. त्यात सेल्फ हळू फिरला तर दाबलेली हवा रिंगांच्या कडेनं निसटायला वेळ मिळतो आणि उरलेली ऊब गार लोखंड शोषून घेतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा नेमकं हेच होत असतं. डिझेल आत जातंय, पण पेटत नाही.

आता सेल्फ हळू का फिरतो? तिथं ऑइलचा संबंध येतो.

ऑइल घट्ट होतं म्हणजे किती?

बाजारात नेहमी मिळणारं १५डब्ल्यू-४० ऑइल घ्या. इंजिन पूर्ण तापलेलं असताना, म्हणजे १०० अंशांला, त्याचा जाडपणा मोजणीच्या एककात १४-१५ च्या आसपास असतो. ४० अंशांला तोच १०० च्या पुढं जातो. २५ अंशांला साधारण सव्वादोनशे आणि ५ अंशांला आठशेच्या घरात. म्हणजे कोवळ्या उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या मानानं पहाटेच्या थंडीत ऑइल साडेतीन पट घट्ट असतं, आणि तापलेल्या इंजिनाच्या मानानं पन्नास पटींहूनही जास्त. गुळाचा पाक चुलीवर असताना कसा असतो आणि उतरवून ठेवल्यावर कसा होतो, तोच प्रकार.

क्रँक, बेअरिंग, पिस्टन हे सगळं या घट्ट ऑइलमधून फिरवायचं असतं. सेल्फला दम लागतो तो इथं.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. घट्ट ऑइल पंपातून वर चढायलाही वेळ लावतं. इंजिन सुरू झालं तरी सुरुवातीचे काही सेकंद वरच्या वॉल्वच्या भागाला आणि टर्बो असेल तर टर्बोला नीट ऑइल मिळत नाही. सुरू होताच जोरात रेस करण्याची सवय म्हणूनच घातक आहे. इंजिनाची बरीचशी झीज या पहिल्या काही क्षणांत होते.

डब्यावरचा आकडा वाचा

डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा आकडा गरम इंजिनातला. आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. १५डब्ल्यूची सेल्फ फिरण्यासाठीची चाचणी उणे २० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर, १०डब्ल्यूची उणे २५ वर. म्हणजे आपल्या ४-५ अंशांच्या थंडीला १५डब्ल्यू-४० पुरून उरतं. बहुतेक ट्रॅक्टरच्या पुस्तकात तेच सांगितलेलं असतं. महागड्या परदेशी पातळ ऑइलची आपल्याला गरज नाही.

अडचण होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे ‘ऑइल जेवढं जाड तेवढं इंजिनाला चांगलं’ ही समजूत. त्यापायी कुणी २०डब्ल्यू-५० घालतं, कुणी नुसतं ४० नंबरचं. नुसत्या ४० नंबरच्या ऑइलला डब्ल्यूचा आकडाच नसतो, म्हणजे थंडीसाठी त्याची हमी नाही. ५ अंशांला ते १५डब्ल्यू-४० च्या जवळपास दुप्पट घट्ट भरतं. उन्हाळ्यात चालून गेलं तरी जानेवारीत ते अंगाशी येतं.

दुसरं म्हणजे मुदत उलटून गेलेलं ऑइल. डिझेल इंजिनात काजळी ऑइलमध्ये उतरत राहते आणि ऑइल हळूहळू जाड होत जातं. बऱ्याच ट्रॅक्टरना साधारण २५० तासांनी ऑइल बदलायला सांगितलेलं असतं. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात बघा. खरीप संपताना, दिवाळीच्या आसपास ऑइल आणि फिल्टर बदलून घेतला तर हिवाळ्यातलं अर्धं दुखणं तिथंच मिटतं. ऑइल सीलबंद डब्यातलं घ्या आणि बिल घ्या.

काही जण ऑइल पातळ करायला त्यात थोडं डिझेल किंवा रॉकेल मिसळतात. हे करू नका. दुसऱ्या महायुद्धात कडाक्याच्या थंडीत इंजिनाच्या ऑइलमध्ये पेट्रोल मिसळायची पद्धत होती, पण पेट्रोल इंजिन तापल्यावर उडून जायचं आणि ऑइल पूर्ववत व्हायचं. डिझेल तसं सहज उडून जात नाही. ते ऑइलमध्येच राहतं आणि दुपारी नांगरटीच्या लोडवर बेअरिंगला पुरेसा थर मिळत नाही.

बॅटरीचाही दम कमी होतो

ज्या वेळी इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो, नेमक्या त्याच वेळी बॅटरीचा जोर कमी झालेला असतो. उबदार दिवसात बॅटरी जेवढा जोर देते त्याच्या साधारण दोन तृतीयांशच शून्य अंशांला देते. नवीन, पूर्ण चार्ज बॅटरीला एवढं चालतं. तीन-चार वर्षं झालेल्या अर्धवट चार्ज बॅटरीला नाही.

थंडी सुरू व्हायच्या आधी एवढं करा:

- बॅटरीच्या टोकांवर आलेला पांढरा-हिरवा खार गरम पाण्यानं धुवा, टोकं घासून घट्ट बसवा, वरून ग्रीस लावा.
- पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल वॉटरची पातळी बघा. बोअरचं पाणी घालू नका.
- रात्रभर उभ्या असलेल्या बॅटरीचे व्होल्ट मोजून घ्या. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी.
- इंजिनाला येणारी अर्थिंगची जाड वायर तपासा. अनेकदा बॅटरीला दोष दिला जातो आणि सैल असते ती ही वायर.

जिथं खरी थंडी असते तिथं काय करतात?

ऑइल गरम ठेवायची युक्ती जुनी आहे. अलास्कात लहान विमानं चालवणारे वैमानिक पूर्वी संध्याकाळी उतरले की इंजिनातलं ऑइल गरम असतानाच डब्यात काढून घ्यायचे, रात्रभर झोपडीत शेगडीजवळ ठेवायचे आणि सकाळी तेच ऑइल परत ओतून विमान सुरू करायचे. इंजिनावर जाड पांघरूण घालायचे ते वेगळंच.

आज कॅनडात विनिपेग, एडमंटनसारख्या शहरांत गाड्यांच्या तोंडाशी विजेचा प्लग लोंबताना दिसतो. इंजिनाच्या पाण्यात किंवा ऑइलच्या चेंबरला चिकटवलेला हीटर असतो. गाड्या उभ्या करायच्या जागी प्लग लावायला खांब असतात. तिकडं स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मुलांना पहिल्या हिवाळ्यातच हे शिकावं लागतं. पण तिथं पारा उणे ३० पर्यंत जातो.

आपल्या देशात लडाखमध्ये हीच अडचण आहे. आपल्या भागातून सैन्यात गेलेल्या चालकांना विचारा, तिकडं हिवाळ्यात गाडी सुरू करणं हे एक स्वतंत्र काम असतं. तिथं ऑइलबरोबर डिझेलही गोठतं. म्हणून इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं.

या सगळ्यातून आपण घ्यायचं ते एवढंच: जाणकार लोक एकतर ऊब राखून ठेवतात, नाहीतर मोजून-मापून विजेनं ऊब देतात. उघडी आग हा नाइलाजाचा उपाय आहे, आणि आपल्या ५ अंशांच्या थंडीत तेवढा नाइलाज होत नाही.

पेटता बोळा का नको?

ट्रॅक्टरच्या ऑइल चेंबरच्या आजूबाजूला काय असतं बघा. ऑइलचा ओघळ, डिझेलच्या पाइपातून झिरपलेले थेंब, त्यावर चिकटलेली धूळ आणि भुसा, वायरिंग, रबराचे पाइप आणि सील. यातलं काय आधी पेट घेईल ते सांगता येत नाही. शेडमध्ये शेजारी चाऱ्याची गंजी किंवा पाचट असेल तर विचारायलाच नको.

शिवाय त्यानं काम नीट होत नाही. ज्योत एकाच जागी लागते. तळाचा पत्रा भाजतो, त्याला टेकलेला ऑइलचा थर करपतो आणि वरचं ऑइल गारच राहतं. करपलेल्या ऑइलचा कोळसा जाळीत जाऊन बसतो.

एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणं किंवा पेट्रोलची चिंधी लावणं त्याहून वाईट. इंजिन ज्योत आत ओढतं. आणि ज्या इंजिनाला हवा तापवणारा हीटर किंवा हीटर प्लग आहे, तिथं डब्यातला स्टार्टिंग स्प्रे मारू नये. लालबुंद हीटरवर तो फवारा गेला तर स्फोट होऊ शकतो.

आणखी एक. ऊब यावी म्हणून दार बंद केलेल्या शेडमध्ये कोळशाची शेगडी ठेवू नका आणि इंजिनही चालू ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, दिसत नाही. माणूस झोपेतच जातो.

संध्याकाळची ऊब फुकट असते

आता मुख्य मुद्दा. ४०-४५ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरचं इंजिन म्हणजे दोन-अडीचशे किलोहून जास्त लोखंड. संध्याकाळी काम करून आलेलं इंजिन ८० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. ढोबळ हिशेब केला तर त्यात जवळपास दोन युनिट विजेएवढी उष्णता साठलेली असते. ती आपण रात्रभरात आभाळाला देऊन टाकतो आणि पहाटे बोळा पेटवून परत मागतो.

निरभ्र रात्री उघड्यावरचं लोखंड आभाळाकडे उष्णता फेकत राहतं. म्हणूनच हवेचा पारा ४-५ अंश असताना ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा पानांवर दवाचा बर्फ झालेला दिसतो. वस्तू हवेपेक्षाही गार झालेली असते. डोक्यावर साधा पत्रा किंवा झाडाची दाट सावली असली तरी हे बरंच थांबतं. म्हणून:

१. ट्रॅक्टर आडोशाला लावा. शेड नसेल तर निदान झाडाखाली, वारा येतो त्या बाजूला भिंत येईल असा. वारं ऊब झपाट्यानं पळवतं.

२. सायलेन्सर गार झाल्यावर पांघरूण घाला. काम संपल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा. सायलेन्सरला हात लावता येईल इतका तो गार झाला की बॉनेटवर दोन-तीन पदरी गोणपाट किंवा जुनी गोधडी टाका, वरून ताडपत्री. गरम सायलेन्सरवर गोणपाट टाकलं तर तेच पेटेल, हे विसरू नका.

३. खालची बाजूही झाका. वारा चेंबरखालून जातो. ताडपत्री जमिनीपर्यंत सोडून कडेला विटा ठेवा. पुढच्या जाळीसमोर एक गोणपाट उभं लावा.

४. चावी गोणपाटाला अडकवून ठेवा. पहाटेच्या अंधारात पांघरूण न काढता सेल्फ मारला तर पंखा कापड ओढून घेतो. चावी तिथंच असली की आधी पांघरूण निघेलच.

५. उंदरांकडे लक्ष ठेवा. उबेला उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात. गोणपाट सकाळी काढून झटकून उन्हात टाका. धान्याचं गोणपाट वापरू नका.

याचा फरक किती पडतो? उघड्यावरचं इंजिन पहाटेपर्यंत हवेइतकं गार होतं. नीट झाकलेलं इंजिन हवेपेक्षा काही अंश तरी गरम राहतं, हात लावला की कळतं. ५ अंशांच्या जागी १२-१५ अंश मिळाले तरी ऑइलचा घट्टपणा निम्म्यावर येतो. अर्थात आदल्या दिवशी ट्रॅक्टर चाललाच नसेल तर पांघरूण घालून ऊब येत नाही. गोधडी ऊब राखते, तयार करत नाही.

तरीही ऊब द्यायचीच असेल तर

विहिरीचं पाणी. थंडीत विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी कोमट लागतं, हे आपण रोज अनुभवतो. जमिनीच्या पोटातलं तापमान फारसं बदलत नाही, म्हणून ते २० अंशांच्या वर असतं. बागेला पहाटे पाणी देतात ते याच कारणानं. नदीकाठी आणि विहिरींवर अजून जुनी हँडल मारायची डिझेल इंजिनं आहेत, पाण्यानं थंड होणारी. त्यांच्या पाण्याच्या कप्प्यात सुरू करण्याआधी दोन-तीन बादल्या ताजं विहिरीचं पाणी फिरवून सोडलं तर सिलेंडर १५-२० अंशांवर येतो. खर्च शून्य.

गरम पाणी. पाण्यात उष्णता खूप मावते. ६० अंशांचं १० लिटर पाणी म्हणजे चेंबरमधलं सात-आठ लिटर ऑइल तापवायला लागते त्याच्या कितीतरी पट ऊब. आंघोळीच्या बंबातल्या पाण्यात गोणपाट भिजवून, पिळून चेंबरला खालून लपेटा, दहा मिनिटांनी बदला. उकळतं पाणी थेट ओतू नका, गार बिडाला तडा जाऊ शकतो. डिझेल पंप, सेल्फ आणि अल्टरनेटरवर पाणी अजिबात नको. रेडिएटरमध्ये कूलंट असेल तर ते रोज काढून गरम पाणी घालायच्या भानगडीत पडू नका.

बल्ब. पिल्लांच्या शेडमध्ये उबेसाठी लावतात तसा जुन्या पद्धतीचा १०० वॉटचा तारेचा बल्ब जाळीच्या पिंजऱ्यात घालून चेंबरखाली ठेवला आणि वरून ताडपत्री झाकली, तर रात्रभरात बऱ्यापैकी ऊब टिकते. एलईडी बल्ब यासाठी निरुपयोगी, तो उजेड देतो, ऊब नाही. बल्ब कापडाला, ऑइलला किंवा पाइपाला टेकता कामा नये. वायर धड असावी, जोड उघडा नसावा, जमीन ओली नसावी आणि लाइनला गळतीत बंद पडणारा ब्रेकर असावा. एवढं जमत नसेल तर बल्बचा नाद सोडा, गोणपाट पुरेसं आहे.

चेंबरचा हीटर. चेंबरला बाहेरून चिकटवायची हीटरची पट्टी बाजारात मिळते. वीज असेल तिथं दोन-तीन तास आधी लावली तरी काम होतं. पण नाशिकच्या थंडीसाठी हा खर्च गरजेचा नाही. आधी ऑइल आणि बॅटरी नीट करा.

पहाटे सुरू करताना

- गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, हायड्रोलिकचा दांडा खाली.
- क्लच पूर्ण दाबा. नाहीतर सेल्फला इंजिनाबरोबर गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइलही ढवळावं लागतं. थंडीत एवढ्या एका गोष्टीनं ट्रॅक्टर सुरू झालेले आहेत.
- हीटर प्लग असेल तर चावी त्या खुणेवर धरून दिवा विझेपर्यंत किंवा पुस्तकात सांगितलेले सेकंद थांबा.
- सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये निदान अर्धा-एक मिनिट विश्रांती द्या. बॅटरी सावरते आणि सेल्फ जळत नाही.
- हँडलच्या इंजिनाला वॉल्व उचलायची कळ वर करून आधी आठ-दहा फेऱ्या सावकाश द्या. ऑइल हलतं, फिरवणं हलकं होतं. मग जोर देऊन कळ सोडा. अंगठा हँडलच्या त्याच बाजूला ठेवा, उलटा झटका बसला तर हात वाचतो.
- सुरू झाल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा.
- दोन-तीन मिनिटं मध्यम वेगावर चालू द्या, मग हलकं काम, मग लोड. नुसतं अर्धा तास उभं ठेवून डिझेल जाळण्यात अर्थ नाही. इंजिन हलक्या कामावर लवकर तापतं.

बॅरलमधलं डिझेल

कधी कधी ऑइल चांगलं, बॅटरी चांगली, सेल्फही जोरात फिरतो, तरी इंजिन सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडतं. तेव्हा डिझेलकडे बघा. डिझेलमध्ये मेणासारखा भाग असतो, तो थंडीत वेगळा होऊन फिल्टर बंद करतो. आपल्या देशाच्या मानकात हिवाळ्याचं डिझेल, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलं, ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून गेलंच पाहिजे असा नियम आहे. उन्हाळी डिझेलला ही मर्यादा १८ अंशांची आहे. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बॅरल भरून ठेवलं असेल आणि ते जानेवारीच्या लाटेत वापरलं, तर फिल्टर बसण्याची शक्यता राहते. जुना साठा थंडी वाढायच्या आधी संपवा. टाकी संध्याकाळी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत दव धरून पाणी होतं. फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी आठवड्यातून एकदा सोडा.

काम कुठून सुरू करायचं?

खर्चाच्या क्रमानं सांगायचं तर आधी फुकटची कामं: आडोसा, गोणपाट, क्लच दाबणं, बॅटरीची टोकं घासणं. मग ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदलणं, जे तसंही करायचंच असतं. त्यानंतर बॅटरी तपासून, लागली तरच नवीन. एवढं सगळं करूनही इंजिन अडत असेल तर दोष थंडीचा नाही. रिंगा, वॉल्व, नोझल किंवा सेल्फ यांपैकी काहीतरी झिजलेलं आहे आणि थंडी फक्त ते उघड करते आहे. मिस्त्रीला दाखवा, पण बोळा पेटवू नका.

या आठवड्यात संध्याकाळी मळ्यातून आल्यावर एक करून बघा. एक दिवस ट्रॅक्टर उघडा ठेवा, दुसऱ्या दिवशी झाकून. दोन्ही पहाटे ऑइलची पट्टी बाहेर काढून थेंब किती वेळात गळतो ते बघा. मग कुणी वेगळं सांगायची गरज राहणार नाही.